कापलेला दोरा

पुन्ता अरेनासमध्ये वारा सुटला
की चौकात दोर बांधतात,
माणसांनी धरून चालावं म्हणून.
मीही धरते. त्याची लाज इथे कुणालाच वाटत नाही.

अमारो शाळेतून येतो
आणि दप्तरासकट, बुटांसकट
थेट संडासात पळतो.
मार्चपासून रोज.
मी ओरडायचे, अरे चिखल, आत्ताच पुसलंय!
आतली धार थांबायची नाही,
नऊ वर्षांच्या पोराच्या मानानं फारच वेळ.
थंडी आहे, म्हटलं. वय आहे.

एक हातमोजा हरवला. मग दुसरा.
नव्या जोडीला मी दोरा शिवला,
बाह्यांतून ओवला, तान्ह्या बाळाचा ओवतात तसा.
त्याच संध्याकाळी दोरा कापलेला.
तुटलेला नव्हे.
मी खेकड्यांच्या कारखान्यात आहे,
तुटणं आणि कापणं
माझ्या बोटांना वेगळं कळतं.

कुणी केलं? कधी? तू काय म्हणालास?
बाईंना का नाही सांगितलंस?
मी विचारत गेले
आणि तो आत आत जात राहिला, शंखातल्या किड्यासारखा.
"अडकला असेल कुठे," म्हणाला.

ओविदिओ म्हणाला, एक ठेवून द्यायची कानाखाली.
माझ्या बापानं मला हेच शिकवलं.
मी म्हटलं, आणि तू अजून झोपेत दात खातोस.
तो अंगणात गेला,
लागणार नव्हती इतकी लाकडं फोडत बसला.

शनिवारी मी काहीच विचारलं नाही.
त्याच्या समोर नाही, शेजारी बसले.
दोघांची तोंडं खिडकीकडे, मध्ये बटाट्यांची टोपली.
पाचव्या की सहाव्या बटाट्याला
तो खिडकीलाच म्हणाला,
"ते बाहेरून दार धरून ठेवतात.
आणि दिवा घालवतात."

माझी सुरी थांबली.
मी ती पुन्हा चालवली.
"मग?"
"मग मी शाळेत पाणीच पीत नाही."

साल लांबच लांब निघत होती.
बरं झालं सांगितलंस, म्हटलं.
तुझं यात काही चुकलेलं नाही.
"तू येऊन ओरडशील?"
नाही. जे करीन ते आधी तुला सांगून करीन.
त्यानं मान हलवली
आणि बटाट्याचा डोळा कोरून काढला, जरा जास्तच खोल.

खेकड्यांच्या वजनाची माझी वही आहे.
तिच्या मागच्या पानांवर मी तारखा लिहिल्या,
हातमोजे, दोरा, कुठला तास, कुठलं दार.
सोमवारी वारा होता. दोर धरून शाळेत गेले.
खिमेना बाई म्हणाल्या, पोरं आहेत हो, खेळतात.
मी वही उघडून त्यांच्याकडे सरकवली.
त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला,
आणि दोनदा वाचलं.
आता मधल्या सुट्टीत त्या दाराशी एक शिपाईमामा बसतात.

नाव मिर्कोचं होतं.
मिर्को यास्नाचा.
यास्ना आठ वर्षं माझ्या डाव्या हाताला उभी असते,
आमच्या दोघींत एकच बादली.
चहाच्या वेळी तिला बाजूला घेऊन सांगितलं.
"घरी तो असा नाहीये," ती म्हणाली.
माझाही घरी असा नव्हता गं, मी म्हटलं.

अकरा दिवस ती बोलली नाही.
खेकडे यायचे, पाय मोडायचे, बादली भरायची.
बाराव्या दिवशी धार लावायचा दगड पुढे करत,
माझ्याकडे न बघता म्हणाली,
"मिर्को रात्री दिवा चालू ठेवून झोपतो.
दोन वर्षं झाली.
का, ते मी कधी विचारलं नाही."
मी दगड घेतला. काय बोलणार?

सगळं नीट झालंय असं नाही.
बुधवारी त्याच्या वहीवर कुणीतरी थुंकलं होतं.
तेही मी लिहिलंय.

पण काल तो आला.
बूट काढले. दप्तर टाकलं.
पाव मागितला, निम्मा खाल्ला,
कुत्र्याशी काहीतरी भांडला,
आणि मग आठवल्यासारखं करून
सावकाश संडासात गेला.

मी भांडी घासत होते.
नळ बंद केला,
ऐकायला.